बागेच्या नोंदवहीत माळ्याचंही नाव हवं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोल्हापुरातल्या बागांच्या सुशोभीकरणाची बातमी आपल्या अंकात वाचली. कारंजी, खुली व्यायामशाळा, पेव्हर ब्लॉकच्या पायवाटा, रोषणाई, सेल्फी पॉइंट अशी लांबलचक यादी होती. झाडं कोणती लावणार आणि त्यांची निगा कोण राखणार, याबद्दल मात्र एक ओळही नव्हती. मी हायस्कूलमध्ये इतिहास शिकवत असे. अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध आलं की वर्गात बागांचा विषय हटकून काढायचे, कारण ते राष्ट्र उभं करणारी बरीचशी माणसं बागवेडी होती. त्यांची आठवण देऊन एक मागणी मांडते.

ऑगस्ट 1776. जॉर्ज वॉशिंग्टन न्यूयॉर्कमध्ये आहेत, समोर बंदरात ब्रिटिशांचं प्रचंड आरमार येऊन ठेपलंय. लढाई कधीही सुरू होईल अशी स्थिती. त्या महिन्याच्या 19 तारखेला हा सेनापती माउंट व्हर्नन या आपल्या व्हर्जिनियातल्या घरावाडीचा कारभारी लंड वॉशिंग्टन याला पत्र लिहितो, ते झाडांबद्दल! घराच्या दोन्ही टोकांना झाडांची राई करायची, ओळीत लावायची नाहीत, फुलणारी झाडं जास्त घ्यायची. त्यानंतर आठच दिवसांनी लाँग आयलंडची लढाई झाली आणि त्यांचा पराभव झाला. विद्यार्थ्यांना पत्राची तारीख आणि लढाईची तारीख शेजारी शेजारी फळ्यावर लिहून दाखवली की वर्ग शांत व्हायचा. पुढे त्यांच्या रोजनिशीत कुठलं झाड रानातून खणून आणलं, कुठलं जगलं, कुठलं वाळलं हे सगळं येतं.

थॉमस जेफरसन यांनी तर बागेची स्वतंत्र वहीच ठेवली. पहिली नोंद 30 मार्च 1766 ची, जांभळी हायसिंथ उमलू लागल्याची. ती वही 1824 पर्यंत चालली. मधल्या काळात हा माणूस स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहून आला, फ्रान्समध्ये राजदूत म्हणून राहून आला, दोनदा राष्ट्राध्यक्ष झाला. मॉन्टिचेलो या आपल्या व्हर्जिनियातल्या घराच्या डोंगरउतारावर हजार फूट लांबीची सपाटी काढून त्यांनी भाजीची बाग केली आणि तिथे भाज्यांचे तीनशेवर वाण लावून पाहिले. वाटाणा त्यांच्या विशेष आवडीचा. कुणाच्या परसातला वाटाणा आधी ताटात येतो याची शेजाऱ्यापाजाऱ्यांत चुरस असे, आणि जिंकणाऱ्याने बाकीच्यांना जेवायला बोलवायचं. पण मला त्या वहीत सगळ्यात मोलाच्या वाटतात त्या फसलेल्या पेरण्यांच्या नोंदी. अमुक उगवलं नाही, तमुक थंडीने मेलं, हे त्यांनी न लपवता लिहून ठेवलं. त्या वहीच्या आणि उत्खननाच्या आधारावर विसाव्या शतकात ती बाग पुन्हा उभी करता आली. 2009 साली मिशेल ओबामांनी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर भाजीची बाग केली, तिच्यातल्या एका वाफ्याला बियाणं मॉन्टिचेलोहून आलं होतं.

इथवर सांगून थांबले तर अर्धाच इतिहास सांगितल्यासारखं होईल. ती हजार फुटांची सपाटी जेफरसन यांनी स्वतः खणली नाही, गुलामांनी खणली. मॉन्टिचेलोच्या मुख्य माळ्याचं नाव वर्मली ह्यूज. तोही गुलाम. फुलांचे वाफे, कंद, झाडं सगळं त्याच्या हातचं. 4 जुलै 1826 ला जेफरसन वारले, तेव्हा त्यांची कबरही त्यानेच खणली. त्याला पुढे मोकळं केलं, पण कर्ज फेडण्यासाठी जानेवारी 1827 मध्ये मॉन्टिचेलोच्या गुलामांचा लिलाव झाला, त्यात त्याची बायको आणि मुलं उभी केली गेली. वॉशिंग्टन यांनी 1787 मध्ये एका गोऱ्या माळ्याशी केलेला करार मात्र कलमवार शिल्लक आहे. नाताळात चार दिवस दारू पिऊन पडायला चार डॉलर, ईस्टरला दोन, अशा बारकाव्यांसकट! त्याच बागांत राबलेल्या गुलामांची मोजदाद मालमत्तेच्या यादीत. आज मॉन्टिचेलो आणि माउंट व्हर्नन इथे पाहुण्यांना त्यांचीही नावं, त्यांचीही घरं सांगितली जातात. अमेरिकेने हे फार उशिरा केलं, पण केलं याचं मला मोल वाटतं.

याचं कारण घरातलं आहे. माझे वडील माळी होते. संस्थानाच्या काळात बांधलेल्या एका बंगल्यात त्यांची हयात गेली. त्यांच्याकडे वही नव्हती, लिहिणं जेमतेम येत होतं. झाडांची सालं ते अशी सांगायचे: ह्यो चाफा कोयनेच्या भूकंपाच्या साली लावला, ही बकुळ बहात्तरच्या दुष्काळात घागरीनं पाणी घालून जगवली, हे आंब्याचं कलम माझ्या लग्नाआधीचं. आंब्याला मोहर उशिरा आला तर गेल्या दहा वर्षांचा हिशेब त्यांना तोंडपाठ असे. ते गेले आणि तो सगळा हिशेब त्यांच्याबरोबर गेला. बंगला पाडला, तेव्हा कुठलं झाड किती जुनं हे सांगणारा कागद कुणाकडेच नव्हता. मी इतिहासाची शिक्षिका, घरातच बसलेल्या साक्षीदाराचं सांगणं उतरवून घ्यायला हवं होतं, ही रुखरुख मला आजही आहे.

माणसाने नीट जपलं तर बाग काय करू शकते, याचं एक उदाहरण फिलाडेल्फियाचं. जॉन बार्ट्रम नावाच्या शेतकऱ्याने 1728 मध्ये तिथे बाग सुरू केली. 1765 साली जॉर्जियातल्या ऑल्टामाहा नदीकाठी त्याला आणि त्याचा मुलगा विल्यम याला एक अनोळखी झाड दिसलं. पांढरी मोठी फुलं, आत पिवळे केसर, चहाच्याच कुळातलं. विल्यमने पुढे त्याचं बी आणून घरी लावलं आणि बेंजामिन फ्रँकलिन यांच्या नावावरून झाडाचं नाव फ्रँकलिनिया ठेवलं. रानात ते शेवटचं दिसलं 1803 मध्ये. आज जगात जेवढी फ्रँकलिनिया आहेत, ती सगळी त्या एका बागेतल्या बियांची वंशावळ. आपल्या शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात सह्याद्रीतल्या कंदीलपुष्पाच्या दुर्मीळ जाती जपल्या आहेत, ते काम याच तोलाचं आहे. किती कोल्हापूरकरांनी ती फुलं पाहिली आहेत?

जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. गुलाम आईचं हे पोर लहानपणी रानात लपूनछपून स्वतःची छोटी बाग करायचं, आजारी झाडं बरी करायचं. अलाबामातल्या टस्कीगीच्या शिक्षणसंस्थेत शिकवायला गेल्यावर कापसाने थकलेल्या जमिनीत भुईमूग लावा, असं ते गरीब शेतकऱ्यांना सांगत फिरले. 1916 मध्ये त्यांनी शेंगदाण्याचे 105 पदार्थ सांगणारी पुस्तिका काढली. उसामागून ऊस घेणाऱ्या आपल्या जिल्ह्याने त्यांचं सांगणं अजूनही ऐकण्यासारखं आहे, पण तो वेगळ्या पत्राचा विषय.

आता मागणी. 2019 च्या महापुरात शाहूपुरीच्या खालच्या अंगाला एका छोट्या बागेत बरेच दिवस पाणी तुंबलं. पाणी ओसरल्यावर मेलेली झाडं तोडून नेली. पुन्हा तीच झाडं लावा म्हणून आम्ही रहिवासी गेलो, तर तिथे काय होतं याची नोंदच मिळाली नाही. शेवटी शोभेची चार पामची झाडं आली. ही वेळ पुन्हा येऊ नये म्हणून सुशोभीकरणाचा पहिला खर्च कारंज्याऐवजी नोंदवहीवर व्हावा. टाऊन हॉलच्या जुन्या बागेपासून कॉलनीतल्या लहानशा बागेपर्यंत प्रत्येक ठिकाणी अशी वही हवी: झाडाचं नाव, लावल्याचं साल, रोप कुठून आणलं, फुलतं कधी, तोडलं तर का आणि कुणाच्या सहीने. त्या पानावर तिथल्या माळ्याचं नाव असावं, तो ठेकेदाराकडे कामाला असला तरीही. बागेच्या फाटकावर उद्घाटकांची पाटी लागते, तिच्याइतक्याच मोठ्या अक्षरांत ही नावंही लागावीत.

शहरात निवृत्त झालेले जुने माळी अजून आहेत. काही ऐंशीच्या पुढे गेलेत, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून करावी. त्यांना त्यांच्या त्यांच्या बागेत नेऊन, झाडापाशी उभं करून सांगतील ते उतरवून घ्यावं. महाविद्यालयातली वनस्पतिशास्त्राची मुलं हे काम आनंदाने करतील, आणि त्यांच्यासोबत वही धरून फिरायला मी तयार आहे. ठेका निघण्याआधी हे व्हावं, कारण पायवाटेसाठी खोदाई सुरू झाली की पहिला घाव जुन्या झाडांच्या मुळांवर बसतो.

आपली,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका
शाहूपुरी, कोल्हापूर