हरकतींचे तीस दिवस आणि नकाशातून गायब ओढे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हद्दवाढीनंतर नगरपरिषदेची प्रारूप विकास योजना, म्हणजे कोणती जमीन कशासाठी वापरायची याचा मसुदा, प्रसिद्ध झाली की गावात चर्चा एकच असते, रस्ता, बाग अशा सार्वजनिक कामाचं आरक्षण कुणाच्या जमिनीवर पडलं? प्रश्न रास्त आहे. पण याच नकाशात ओढे दाखवले आहेत का, हे फारसं कुणी पाहत नाही, आणि त्याची किंमत पुढे शेकडो घरांना मोजावी लागते.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 26 नुसार हरकती-सूचनांसाठी 30 दिवस मिळतात. ते मोजले जातात राजपत्रातल्या सूचनेच्या तारखेपासून. नोटीस बोर्डावर कागद लागला त्या दिवसापासून नव्हे. वर्तमानपत्रातली छोटी जाहिरात नजरेस पडेपर्यंत आठवडा सहज जातो. नकाशाच्या प्रमाणित प्रती रास्त किमतीत मिळाल्या पाहिजेत असं त्याच कलमात आहे. म्हणून नगरपरिषदेच्या जिन्यात एकच भला मोठा रंगीत नकाशा टांगून काम भागत नाही. त्यावर गट क्रमांक वाचता आले नाहीत तर सामान्य माणसाला तो कळणार कसा?

आता ओढ्यांविषयी. ओढ्याला बहुधा स्वतंत्र गट क्रमांक नसतो. जुन्या गाव नकाशावर तो दोन रेषांनी दाखवलेला असतो, आणि खासगी गटातून जात असेल तर सातबाऱ्यावर त्याचं क्षेत्र पोटखराबा वर्ग 'ब' मध्ये, म्हणजे लागवडीखाली न येणाऱ्या जमिनीत, सापडतं. विद्यमान जमीन वापर नकाशा करताना पाहणी उन्हाळ्यात झाली, तर कोरडा ओढा मोकळी पडीक जमीन म्हणून रंगवला जाण्याची भीती असते. एकदा तो निवासी विभागाच्या पिवळ्या रंगात गेला, की पुढच्या लेआउटमध्ये त्यावर रस्ता आणि खाली दोन नळे, एवढंच उरतं.

हिशेब साधा आहे. सहा मीटर रुंद आणि दीड मीटर खोल ओढ्याचा छेद ढोबळमानाने 9 चौरस मीटर. 900 मिलिमीटर व्यासाच्या दोन सिमेंट नळ्यांचा मिळून जेमतेम 1.27 चौरस मीटर, म्हणजे सातवा हिस्सा. त्यात प्लास्टिक आणि काडीकचरा अडकला की तेवढाही राहत नाही. दुसरीकडे पाणी मात्र वाढतं. एका हेक्टरवर तासाभरात 50 मिलिमीटर पाऊस पडला तर 5 लाख लिटर पाणी साचतं. शेत त्यातलं बरंचसं जिरवतं. स्लॅब, पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीटचे रस्ते जवळजवळ सगळं खाली ढकलतात. पुण्यात 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर येऊन अरण्येश्वर, सहकारनगर भागात जे घडलं, ते वाढत्या गावांनी डोळ्यांसमोर ठेवावं. तिथे माणसं गेली.

हरकत घेणाऱ्यांनीही काम नेमकं करावं. छापील मजकुराखाली दोनशे सह्या घेऊन दिलेला गठ्ठा दिसतो मोठा, पण सुनावणीत ती एकच हरकत ठरण्याचा धोका असतो. एका अर्जात एकच मुद्दा घ्यावा. गट क्रमांक, आरक्षण किंवा रस्त्याचा क्रमांक आणि नकाशाचा शीट क्रमांक लिहावा. सोबत सातबारा, भूमी अभिलेख कार्यालयातला गाव नकाशा, योजनेचा भाग नकाशा (आपल्या भागापुरता उतारा) आणि जागेची मोजणी झाली असेल तर 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, जोडावी. ओढ्याबाबत पावसाळ्यातले तारखेसह फोटो असतील तर फारच उत्तम. अर्ज दोन प्रतींत द्यावा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. 'रस्ता नको' एवढंच लिहिण्यापेक्षा तो कुठून वळवता येईल हे नकाशावर लाल रेघेने दाखवावं. हरकती ऐकणाऱ्या नियोजन समितीला अशा अर्जाचा विचार करावाच लागतो.

आरक्षणांबाबत एकच. अंतिम योजना लागू झाल्यापासून 10 वर्षांत जमीन घेतली नाही, तर कलम 127 खाली मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. छोट्या नगरपरिषदेच्या तिजोरीत इतक्या भूसंपादनाचे पैसे नसतात. त्यामुळे बागा आणि क्रीडांगणं आधी शासकीय जमिनींवर दाखवावीत. खासगी जमिनीवर उगाच पंचवीस आरक्षणं टाकून मालकाला अडकवायचं आणि शेवटी गावालाही बाग नाही, असं होऊ नये.

नगरपरिषदेकडे मागणी अशी: प्रत्येक प्रभागात गट क्रमांकांसह भाग नकाशा लावावा आणि तीच फाइल संकेतस्थळावर उतरवून घेता येईल अशी ठेवावी. कलम 28 च्या नियोजन समितीत नगरपरिषदेच्या तीन सदस्यांबरोबर नगररचना संचालकांनी नेमलेले चारपर्यंत तज्ज्ञ असू शकतात; त्यांतला एक जलनिस्सारणाचा जाणकार असावा, असं पत्र आताच संचालकांना पाठवावं. सुनावणी सुरू होण्याआधी भूमापक, नगर अभियंता आणि त्या त्या शिवारातले जुने शेतकरी यांनी मिळून प्रत्येक ओढा उगमापासून नदीपर्यंत चालून पाहावा, दर वळणावर रुंदी मोजावी आणि ती मापं योजनेच्या नकाशावर चढवावीत. पहिला जोराचा पाऊस झाल्यावर हे काम करणं सगळ्यात सोपं, कारण तेव्हा ओढा स्वतःच आपली हद्द दाखवतो.

आपले,
वाढीव हद्दीतील रहिवासी