मजली केक उन्हात नेताना

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

उन्हाळ्यात मजली केक वाटेतच कलंडला की ‘क्रीम वितळले’ एवढे म्हणून विषय संपतो. ग्राहक केक करणाऱ्याला बोल लावतो, करणारा उन्हाला. केकचा शेवटचा प्रवास बहुधा ग्राहकाच्याच गाडीतून होतो, पण या धंद्यातल्यांना जे ठाऊक असते ते त्याला कोणी सांगत नाही. म्हणून हे पत्र.

मजली केक सहसा वितळून पडत नाही, घसरून पडतो. वरच्या टियरचे, म्हणजे मजल्याचे, वजन आतले डॉवेल, म्हणजे उभ्या काड्या, पेलतात. पण काड्यांचा आधार खालून असतो. बाजूचा धक्का त्या थोपवू शकत नाहीत. ते काम दोन टियरांमधल्या बटरक्रीमचे, म्हणजे लोणी-साखरेच्या क्रीमचे, किंवा गनाशचे, म्हणजे चॉकलेट आणि क्रीमच्या मिश्रणाचे. फ्रिजमधून ४ अंशांवर निघालेला हा थर कडक असतो. लोणी २० अंशांच्या पुढे मऊ पडू लागते आणि ३२ ते ३५ अंशांच्या दरम्यान वितळते. मग ज्या थराने टियर धरून ठेवायचे, तोच वंगणाचे काम करतो. ब्रेक दाबला की गाडी थांबते, वरचा टियर थांबत नाही. बाहेरची नक्षी तोवर शाबूत असते, त्यामुळे नुसते बघून काही कळत नाही.

यासाठी सर्व टियरांतून आरपार जाणारा आणि तळाच्या पाटाला पक्का बसवलेला मधला दांडा हवाच. प्रत्येक टियरखाली त्याच मापाचा बोर्ड असतो. त्याला मधोमध भोक आधीच पाडून घ्यावे. बोर्ड पुठ्ठ्याचा असेल तर दांड्याला पेन्सिलीप्रमाणे टोक काढून तो वरून ठोकता येतो. एमडीएफच्या, म्हणजे दाबलेल्या लाकडी तंतूंच्या, बोर्डातून तो जाणार नाही आणि ठोकाठोकीत केक मात्र फुटेल. ६, ८ आणि १० इंचांचे, प्रत्येकी ४ इंच उंचीचे तीन टियर मिळून सात-आठ किलो सहज भरतात. त्यामुळे तळाचा पाट किमान १२ मिमी जाड आणि खालच्या टियरपेक्षा ४ इंचांनी मोठा असावा. पातळ पाट उचलताना वाकतो आणि फाँडंटला, म्हणजे केकवरच्या साखरेच्या आवरणाला, तळाशी चीर जाते. ती चीर उन्हाने पडली असे सांगणारे पुष्कळ भेटतात!

काड्यांचे गणित सोपे, पण चुका इथेच जास्त होतात. ६ इंची टियरखाली चार, ८ इंचीखाली पाच-सहा पुरतात. त्या वरच्या बोर्डाच्या कडेपासून अर्धा-पाऊण इंच आत, अगदी उभ्या बसाव्यात. पहिली काडी टियर सर्वांत उंच असेल तिथे खुपसून खूण करावी, बाहेर काढावी आणि बाकीच्या सगळ्या त्याच मापाने कापाव्यात. जागोजागी वेगळे माप घेतले की वरचा टियर तिरका बसतो. काडी आखूड पडली तर वजन स्पंजवर येते आणि खालच्या टियरचे पोट सुटते. काडी तिरकी गेली तर हादऱ्यागणिक आणखी कलते, आणि एक कलली की बाकीच्यांवर भार वाढतो.

पोट सुटण्याचे आणखी एक कारण घाई. थर रचल्या रचल्या वर फाँडंट चढवले की स्पंज नंतर दबतो, मधली हवा आणि सारण बाहेरच्या बाजूला ढकलले जाते. गरम हवेत ही फुगी वाढते. थर रचून, वर हलके वजन ठेवून केक काही तास, जमल्यास रात्रभर, बसू द्यावा आणि मगच शेवटचा लेप द्यावा. सारण पातळ असेल तर कडेने घट्ट क्रीमचे कडे घालावे.

बाहेरच्या लेपाची निवड हवामान बघून व्हायला हवी, फोटो बघून नव्हे. व्हीप्ड क्रीम आणि क्रीम चीज उन्हात सर्वांत आधी हार मानतात; उंच केकसाठी ते नकोतच. लांबच्या प्रवासात गनाश बरे: डार्क चॉकलेट दोन भाग आणि क्रीम एक भाग, वजनाने. व्हाइट चॉकलेट जात्याच मऊ, म्हणून उन्हाळ्यात तीनाला एकऐवजी चारास एक घ्यावे. ग्राहकाला मऊशार क्रीमच हवे असेल तर केक एकमजली करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता थंडाव्याचे. स्पंजमध्ये हवा भरलेली असल्यामुळे त्यातून उष्णता हळू जाते. केक आतपर्यंत गार व्हायला वेळ लागतो, तसाच तापायलाही लागतो. म्हणून तो रात्रभर फ्रिजमध्ये हवा. दोन तासांत फक्त बाहेरची कड गार होते. फाँडंटची अडचण वेगळी. हवा ३४ अंशांवर आणि आर्द्रता ६० टक्के असेल तर सुमारे २५ अंशांखालच्या कोणत्याही पृष्ठभागावर दव धरते. उघडा केक फ्रिजमधून काढताच फाँडंटला घाम फुटतो, गडद लाल-काळे रंग ओघळतात. केक खोक्यात घालून, खोक्याला बाहेरून प्लास्टिक गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवावा आणि मुक्कामी पोचल्यावरही लगेच उघडू नये. दव मग प्लास्टिकवर धरते. तरीही घाम आलाच तर बोट लावू नये, टिपू नये. एसीच्या कोरड्या हवेत तो आपोआप सुकतो. हात लावलेल्या जागी मात्र डाग राहतो.

खोके पन्हळी पुठ्ठ्याचे, पाटाच्या नेमक्या मापाचे घ्यावे, म्हणजे पाट आत सरकत नाही. तासाभराहून लांब जायचे असेल तर हे खोके थर्माकोल लावलेल्या मोठ्या खोक्यात ठेवून बाजूला टॉवेलात गुंडाळलेले आइस पॅक बसवावेत. ड्राय आइस वापरू नये. त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड बंद गाडीत जिवावर बेतू शकतो.

गाडी निघण्याआधी पंधरा-वीस मिनिटे एसी लावून गार करावी. केक सीटवर नको, सीट मागे उतरती असते. चालकाशेजारच्या सीटपुढची पाय ठेवायची जागा सपाट असेल तर ती उत्तम. फक्त पायाकडचा झोत गरम नाही ना, ते पाहावे. हॅचबॅकची डिकी चालेल, वरचे झाकण काढून टाकावे म्हणजे एसीची हवा पोचते. सेडानची डिकी बंद असते, तिथे एसी पोचत नाही. खोक्याखाली रबरी जाळीची मॅट आणि काचेवर पडदा हवा, कारण काचेतून येणारे ऊन एसी चालू असतानाही खोके तापवते. केक मांडीवर घेऊन बसू नये. अंगाची ऊब लागते आणि हात दमले की पाट कलतो. दुचाकीवर मजली केक नेण्याचा विचारही करू नये.

वळणावर वेग निम्मा केला तर बाजूचा ओढा एक चतुर्थांश होतो, हे चालकाला सांगून ठेवावे. गतिरोधक तिरका घेऊ नये, पुढची दोन्ही चाके एकदम चढवावीत. वाटेत थांबून गाडी उन्हात बंद करून ठेवू नये; तासाभरात आतले तापमान बाहेरच्यापेक्षा वीस अंशांनी वर जाऊ शकते.

तीनपेक्षा जास्त टियर असतील तर सुटे नेऊन जागेवर रचावेत. साखरेची फुले, वेफर पेपरची (खाण्याजोग्या कागदाची) सजावट, ताजी फुले यांचे तर वेगळेच खोके असावे. सोबत सपाटी तपासायची छोटी लेव्हल, जादा काड्या, पॅलेट नाइफ आणि त्याच रंगाचे क्रीम भरलेली पायपिंग बॅग घ्यावी.

पोचल्यावर केकचे टेबल खिडकीपासून आणि प्रखर दिव्यांपासून दूर, न डगमगणारे हवे. ताज्या क्रीमचा केक फ्रिजबाहेर एकूण दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. प्रवासाचा वेळही त्यातच मोजावा. आत काड्या किती आणि दांडा कुठवर आहे हे केक करणाऱ्याने खोक्यावर लिहून द्यावे. कापणाऱ्याने आधी दांडा काढावा, टियर वरून खाली एकेक उतरवावेत आणि प्रत्येक टियरमधल्या काड्या मोजून बाजूला ठेवाव्यात. लहान मुलांच्या ताटलीत त्यातली एकही जाता कामा नये.

आपले विश्वासू,
केक व्यवसायातील काही वाचक