पायाभरणीआधी वर्गखोल्यांचे तास मोजावेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

महाविद्यालयाच्या नव्या इमारतीची पायाभरणी, विस्तारित विभागाचे उद्घाटन, वसतिगृहासाठी निधीची घोषणा अशा बातम्या आपल्या दैनिकात अधूनमधून वाचायला मिळतात. इमारत किती मजल्यांची आणि खर्च किती कोटींचा, हे त्यांत असते. तिथे नेमके काय शिकवले जाणार आणि आज ते कुठे शिकवले जाते, हे क्वचितच असते. मी गोव्यातल्या एका महाविद्यालयात शिकवले आणि निवृत्त होईपर्यंत बरीच वर्षे तिथल्या वेळापत्रक समितीचे काम पाहिले. त्या अनुभवावरून एक मागणी मांडतो. उच्च शिक्षणासाठी नवे बांधकाम मंजूर करण्यापूर्वी हाती असलेल्या जागेचा तासागणिक हिशेब व्हावा, तो जाहीर व्हावा आणि इमारतीचा नकाशा शैक्षणिक आराखडा ठरल्यावरच काढला जावा.

वेळापत्रक लावणाऱ्याला इमारत वेगळी दिसते. जून महिन्यात आमच्या स्टाफरूमच्या लांब टेबलावर पुठ्ठ्याचा मोठा तक्ता पसरला जायचा. आडव्या ओळीत खोल्यांचे क्रमांक, उभ्या ओळीत तास आणि प्रत्येक विभागासाठी वेगळ्या रंगाचे कागदी चौकोन, टाचणीने लावलेले. सकाळी साडेआठ ते साडेबारा या पट्ट्यात एकही घर रिकामे राहत नसे आणि एकाच खोलीवरून दोन विभागप्रमुखांची बोलाचाली ठरलेली असे. दीडनंतर मात्र निम्मा तक्ता पांढराच असायचा. खोल्या कमी पडतात असे आम्ही व्यवस्थापनाला दरवर्षी लिहून देत होतो. ते खोटे नव्हते, पण पूर्ण खरेही नव्हते.

दुपार मोकळी राहायची ती कुणाच्या आळसामुळे नव्हे. सत्तरी, सांगे, काणकोण, पेडणे अशा तालुक्यांच्या आतल्या गावांतून येणारी मुले बसच्या वेळेला बांधलेली असतात. एका वर्षी आम्ही प्रॅक्टिकल दुपारी तीन ते पाच ठेवून पाहिले; मुलींना घरी पोहोचायला काळोख होऊ लागला, पालक भेटायला आले आणि तो प्रयोग चतुर्थीच्या सुट्टीआधीच गुंडाळावा लागला. सव्वापाचला त्या बाजूची एक बस सुटली असती, तर नव्या चार खोल्या बांधल्यासारखेच झाले असते. इमारतींचे नियोजन करणाऱ्या बैठकीला वाहतुकीचे कुणी बोलावलेले मी एकदाही पाहिले नाही.

नव्या शैक्षणिक धोरणाने हा गुंता वाढवला आहे. गोवा विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत २०२३-२४ पासून चार वर्षांच्या पदवीची रचना आली. म्हणजे तीन वर्षांच्या हिशेबाने बांधलेल्या इमारतीत चौथ्या वर्षाचे विद्यार्थी बसवायचे आहेत. ते संख्येने थोडे असतील, पण संशोधन प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्याला प्रयोगशाळेतली दोन तासांची पाळी पुरत नाही. त्याची मांडणी अनेक दिवस टेबलावर तशीच राहावी लागते आणि नेमक्या त्याच टेबलावर दुसऱ्या दिवशी पहिल्या वर्षाची बॅच यायची असते. शिवाय मेजर (मुख्य), मायनर (दुय्यम) आणि कौशल्याचे विषय यांच्या निवडीमुळे एकाच तासाला एखादा वर्ग शंभराच्या पुढे जातो, तर शेजारी वीस-वीस मुलांचे तीन वर्ग भरतात. आपल्या जुन्या महाविद्यालयांत व्हरांड्याच्या कडेने एकाच मापाच्या खोल्यांची रांग असते. त्या शंभरांना अपुऱ्या आणि विसांना अवाढव्य. अशा ठिकाणी वर मजला चढवण्यापेक्षा दोन खोल्यांची एक करणे किंवा एकीच्या दोन करणे अधिक उपयोगाचे ठरेल (चिऱ्याची भिंत भार पेलणारी असेल, तर अर्थातच अभियंत्याला विचारूनच).

हे नियोजन कुणी करायचे याबद्दल संदिग्धता नाही. प्रत्येक संस्थेने आपला विकास आराखडा शिक्षक, कर्मचारी आणि विद्यार्थी यांना सोबत घेऊन तयार करावा, असे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातच म्हटले आहे. शेजारच्या महाराष्ट्रात २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानुसार विद्यापीठाला पाच वर्षांचा बृहत् आराखडा करावा लागतो आणि त्यात न बसणाऱ्या नव्या महाविद्यालयाचा अर्ज विचारात घेतला जात नाही. तिथेही सारे आलबेल आहे असे नाही, तरी निदान वाद घालायला एक कागद समोर असतो. आपली महाविद्यालये १९८५ पर्यंत मुंबई विद्यापीठाच्या छत्राखाली होती, तेव्हा नियोजन दुरून होते असे म्हणता येत असे. आता ताळगावच्या पठारावर आपले स्वतःचे विद्यापीठ उभे राहून चाळीस वर्षे झाली आहेत.

आराखड्यात सहसा न दिसणारी बाब म्हणजे देखभाल. आमच्याकडे दृक्श्राव्य सभागृह थाटात सुरू झाले. दुसऱ्या पावसाळ्यात प्रोजेक्टरमागच्या भिंतीवर ओल उतरली, तिसऱ्यात छताचे गिलावे पडू लागले. इमारत एका यंत्रणेने बांधलेली, ताबा दुसऱ्याकडे, दुरुस्तीचा प्रस्ताव तिसऱ्याच्या टेबलावर. स्लॅबवर पत्रे चढेपर्यंत यंत्रसामग्री काढून नेलेली होती आणि मी निवृत्त झालो तेव्हा तिथे मोडके बाक रचलेले होते. सरकारी इमारतींच्या देखभालीसाठी त्या नव्याने बांधण्याच्या खर्चाच्या २ ते ४ टक्के रक्कम दरवर्षी बाजूला ठेवावी, अशी शिफारस अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने १९९० साली केली होती. दहा कोटींच्या इमारतीला हा आकडा वर्षाला २० ते ४० लाख होतो. आपला मुसळधार पाऊस आणि खारी हवा पाहता कमीत कमी आकडा धरून चालणार नाही. ही तरतूद कोण करणार, हे पायाभरणीच्या दिवशीच लेखी ठरावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने बंधनकारक केलेले रॅम्प आणि स्वच्छतागृहेही त्याच कागदावर असावीत, म्हणजे मागाहून पायऱ्यांवर सिमेंटची घसरगुंडी करण्याची वेळ येणार नाही.

मोठ्या संस्थांचीही गोष्ट वेगळी नाही. फर्मागुढीचे गोवा अभियांत्रिकी महाविद्यालय १९६७ चे. २०१० साली स्थापन झालेल्या एनआयटीला त्याच परिसराने कित्येक वर्षे आसरा दिला. तिच्या कुंकळ्ळीतल्या कायम संकुलाचे उद्घाटन फेब्रुवारी २०२४ मध्ये झाले. २०१६ साली सुरू झालेली आयआयटीही फर्मागुढीच्या त्याच परिसरात राहू लागली. तिच्या जागेसाठी लोलये, शेळ-मेळावली, सांगे, कोडार अशी नावे पुढे आली आणि प्रत्येक ठिकाणी लोक विरोधात उभे राहिले. मेळावलीचा निर्णय तर जानेवारी २०२१ मध्ये सरकारला मागे घ्यावा लागला. गावकऱ्यांना विकास नको, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण किती विद्यार्थी, किती पाणी, किती जमीन आणि तेवढीच का, याचा आराखडा गावापुढे आधी ठेवला गेला असता, तर निदान काजूच्या बागा जाण्याची भीती वाटणाऱ्या माणसाला एखादा आकडा धरून प्रश्न विचारता आला असता.

मी सुचवतो त्या हिशेबासाठी सल्लागार कंपनी नेमण्याची गरज नाही. वेळापत्रक प्रत्येक महाविद्यालयात असतेच. सत्राच्या मध्यावर एक आठवडा, सोमवार ते शनिवार, दर तासाला व्हरांड्यातून फेरी मारून प्रत्येक खोलीत किती जण बसले आहेत ते एका वहीत लिहावे. वर्ग उघडणारा कर्मचारीही हे काम करू शकेल. उच्च शिक्षण संचालनालयाने सगळ्या महाविद्यालयांच्या वह्या मागवून त्या संकेतस्थळावर टाकाव्यात आणि नव्या इमारतीच्या प्रत्येक प्रस्तावाला त्यांतली संबंधित पाने जोडणे सक्तीचे करावे.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक,
डिचोली, गोवा