हापूसच्या जाहिरातीचे पैसे जातात कुठे?

मा. संपादक,

रत्नागिरी-देवगड पट्ट्यातले अनेक बागायतदार आता स्वतःच्या वेबसाइटवरून आंबा विकतात आणि हंगामात गूगलवर पैसे देऊन जाहिरात करतात. मे संपत आला की ‘पैसे गेले, मागणी आली नाही’ अशी तक्रार होते. आमचा व्यवसाय याच जाहिरातींचा आहे. आमच्या मते दोष बहुतेक वेळा माध्यमाचा नसून खात्यात कुणी न बदललेल्या सेटिंगचा असतो.

आधी हिशेब. समजा माल, खोका आणि वाहतूक वजा जाता पेटीमागे ३०० रुपये सुटतात आणि साइटवर आलेल्या १०० जणांपैकी दोघे पेटी घेतात. म्हणजे १०० क्लिकमागे ६०० रुपये, एका क्लिकला ६. जाहिरातीवर १८ टक्के जीएसटी लागतो. ताजा आंबा करमुक्त असल्याने त्या कराची वजावट मिळत नाही, तो खर्चातच धरावा लागतो. त्यामुळे बोली, म्हणजे एका क्लिकसाठी गूगलला द्यायची कमाल रक्कम, ५ रुपयांच्या वर गेली की नफा संपला. दिवसाचे बजेट ५०० ठेवले तरी एखाद्या दिवशी गूगल १००० पर्यंत खर्च करू शकते. महिन्याची कमाल मर्यादा मात्र १५,२०० (५०० गुणिले महिन्याचे सरासरी ३०.४ दिवस) राहते. पहिल्याच दिवशी दुप्पट खर्च दिसला म्हणून घाबरून जाहिरात बंद करू नये.

आता गळती. नवी सर्च मोहीम (गूगलच्या शोधनिकालात दिसणारी जाहिरात) उघडताना डिस्प्ले नेटवर्कची, म्हणजे इतर साइट आणि ॲपवर जाहिरात दाखवण्याची, खूण आधीच केलेली असते. ती काढली नाही तर जाहिरात गेम आणि बातम्यांच्या ॲपमध्ये फिरते, चुकून बोट लागलेल्या क्लिकचेही पैसे जातात. ठिकाणाच्या पर्यायात पुणे निवडले तरी पुण्यात असलेल्यांबरोबर पुण्याविषयी शोधणारेही धरले जातात. फक्त तिथे असलेल्यांचा पर्याय निवडा. परदेशात राहून पुण्यातल्या आईवडिलांना पेटी पाठवणारे मराठी ग्राहक हवे असतील, तर त्यांच्यासाठी वेगळी मोहीम आणि वेगळे बजेट ठेवा.

सर्वांत मोठे भगदाड ब्रॉड मॅचचे, म्हणजे शब्दाशी सैल संबंध असलेल्या शोधांवरही जाहिरात दाखवण्याचे, आहे. ‘हापूस आंबा’ एवढाच कीवर्ड (ज्या शोधशब्दावर जाहिरात दाखवायची तो) दिला तर हापूसची कलमे, आमरसाची कृती, वाशीचा आजचा भाव, आंब्यावरची फवारणी असे काहीही शोधणाऱ्याला जाहिरात दिसू शकते. फ्रेज मॅच (कीवर्डचा अर्थ ज्यात आहे असे शोध) किंवा एक्झॅक्ट मॅच (नेमक्या त्याच अर्थाचे शोध) वापरा. ‘घरपोच’, ‘ऑनलाइन’, ‘पेटी किंमत’ असे खरेदीचा हेतू सांगणारे शब्द घ्या, तेही देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिप्यांत, कारण मराठी माणूस दोन्हीत टाइप करतो. हंगामात सर्च टर्म्सचा, म्हणजे लोकांनी प्रत्यक्ष काय शोधले याचा, अहवाल दर दोन दिवसांनी उघडा आणि नको ते शब्द निगेटिव्ह यादीत (ज्यांवर जाहिरात दाखवायची नाही अशा शब्दांच्या यादीत) टाका. या यादीत समानार्थी शब्द किंवा अनेकवचन आपोआप धरले जात नाही. ‘कलम’, ‘कलमे’, ‘रोप’, ‘रोपे’ हे सगळे वेगवेगळे लिहावे लागतात. एवढ्या एका सवयीने जे पैसे वाचतात, ते बोलीत कितीही फेरफार केले तरी वाचत नाहीत.

क्लिक केल्यावर ग्राहक मुखपृष्ठावर नव्हे, थेट विक्रीच्या पानावर उतरला पाहिजे. तिथे डझनाचा दर, फळाचे वजन, कोणत्या पिनकोडला पोहोचवता आणि पेटी कधी निघणार हे मोबाइलवर वर सरकवण्याआधीच दिसावे. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्या मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी असेल तर तो क्रमांक किमतीशेजारीच द्या. परराज्यातला आंबा देवगड म्हणून माथी मारला जाण्याची भीती ग्राहकाला असतेच. अवकाळी पावसाने माल अडकला किंवा पेट्या संपल्या, तर जाहिरात त्याच तासाला थांबवा.

एजन्सी नेमली तर खाते आपल्याच ईमेलवर उघडा, पैसे आपल्याच कार्डातून जाऊ द्या आणि एजन्सीला फक्त मॅनेजर म्हणून जोडा. खाते त्यांच्या नावावर असेल तर करार संपताच कोणत्या शब्दाने किती पेट्या विकल्या ही सगळी माहिती त्यांच्याकडेच राहते आणि पुढचा हंगाम शून्यापासून सुरू होतो. अहवालात क्लिक किती हे विचारू नका. एका पेटीमागे जाहिरातीचा खर्च किती पडला हे विचारा. त्यासाठी ऑर्डर, फोन आणि व्हॉट्सॲपचे बटण यांची कन्व्हर्जन (जाहिरातीतून आलेली मागणी) म्हणून नोंद होते आहे का, हे पहिली जाहिरात सुरू होण्याआधी तपासून घ्या.

कृषी विभाग आणि दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ बागायतदारांना लागवडीचे, फवारणीचे प्रशिक्षण देतात. त्यात या विषयासाठी दोन तास राखावेत आणि तो वर्ग मोहोराच्या धामधुमीआधी घ्यावा, अशी आमची विनंती आहे.

— डिजिटल जाहिरात क्षेत्रातील काही व्यावसायिक, रत्नागिरी