फाईल तपासून देणाऱ्या ताईंना उघडं पत्र

ताईंना सप्रेम नमस्कार, वि. वि.

स्वतंत्र व्यवसायावर जर्मनीला यायला निघालेल्या मराठी माणसांच्या फायली तुम्ही इतकी वर्षं एक पैसाही न घेता तपासता. प्रत्येकाने आपापले आभार मानले आहेतच. पण तुम्ही शिकवलेलं चारचौघांत मांडलं तर पुढच्यांनाही उपयोगी पडेल, म्हणून हे पत्र.

पहिले आभार तुमच्या पहिल्या प्रश्नाचे. लोक "खात्यात किती पैसे दाखवायचे?" असं विचारत येतात आणि तुम्ही उलट विचारता, "काम फ्रायबेरुफ्लरचं की गेवेर्बेचं?" म्हणजे मुक्त व्यावसायिकाचं की व्यापार-धंद्याचं. जर्मनीच्या निवास कायद्याचं कलम 21 दोघांनाही लागू आहे, पण वाटा वेगळ्या. भाषांतरकार, पत्रकार, अभियंता, शिकवणारे, कलाकार हे पोटकलम 5 मधून जातात. दुकान, एजन्सी, ऑनलाइन विक्री म्हणजे गेवेर्बे. त्यासाठी तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: तिथे अशा व्यवसायाची गरज आहे, अर्थव्यवस्थेला त्याचा फायदा होईल, आणि भांडवलाची सोय झालेली आहे. अडीच लाख युरो आणि पाच नोकऱ्यांची अट 2012 मध्येच गेली, तरी तिच्या नावाने घाबरवणारे एजंट अजून भेटतात. सॉफ्टवेअरवाल्यांचं मात्र अधांतरी असतं. कराच्या दृष्टीने ते कुठल्या गटात बसतात हे फिनान्सआम्ट, म्हणजे तिथलं कर कार्यालय, ठरवतं आणि त्यासाठी काम अभियंत्याच्या तोडीचं आहे का हे पाहतं. म्हणून "आयटी सर्व्हिसेस" असं मोघम न लिहिता कुठली प्रणाली, कुठला आराखडा, कुठली जबाबदारी हे लिहायला तुम्ही लावता. केशकर्तनालय काढू पाहणाऱ्याला तर तुम्ही आधीच थांबवता, कारण त्या धंद्याला साधारणपणे माइस्टरची, म्हणजे परीक्षा देऊन झालेल्या उस्ताद कारागिराची, पात्रता लागते. नाही म्हणायचं तेव्हा स्पष्ट नाही म्हणणारं माणूस या क्षेत्रात दुर्मीळच.

दुसरं, ग्राहकांची पत्रं. "आम्हाला यांच्याबरोबर काम करायला आवडेल" एवढंच लिहिलेलं पत्र तुम्ही सरळ परत करता. कामाचं स्वरूप, अंदाजे कालावधी, तासाचा किंवा दिवसाचा दर, महिन्याला साधारण किती तास, ग्राहकाचा जर्मनीतला पत्ता आणि सही, एवढं हवंच. भारतातल्या ग्राहकांचं काम फाईलमध्ये असू द्यावं, पण भिस्त त्याच्यावर नको. तिथे ग्राहक नसेल तर तिथे राहण्याची गरज काय, हा अधिकाऱ्याचा साधा प्रश्न असतो. आणि पत्र एकाच ग्राहकाचं असेल तर नवीनच पेच. ठरलेले तास, ग्राहकाच्याच कचेरीत बसून काम, रजेला परवानगी, असं चित्र दिसलं की ती छुपी नोकरी ठरते. म्हणून दोन-तीन ग्राहक दाखवा, त्यातला एक छोटा असला तरी चालेल, हा तुमचा सल्ला आम्ही पुढेही तसाच देतो.

उत्पन्नाच्या अंदाजाच्या तक्त्यात बारा महिने सारखाच आकडा भरला की तुम्ही लाल पेन उचलता. सुट्टीचे, आजारपणाचे आणि काम शोधण्याचे दिवस वजा करायचे. मग त्यातून प्राप्तिकर, आरोग्य विमा आणि घरभाडं वजा करून किती उरतं ते पाहायचं. हाच अंदाज नंतर व्यवसायाच्या कर नोंदणीसाठीच्या फिनान्सआम्टच्या प्रश्नावलीत लिहायचा असतो. व्हिसासाठी नफा फुगवला तर त्यावरून अग्रिम कर बसतो, आणि तो 10 मार्च, 10 जून, 10 सप्टेंबर आणि 10 डिसेंबरला भरावा लागतो. व्हिसासाठी मोठा आकडा आणि करासाठी छोटा, अशी चलाखी निवास परवान्याच्या मुदतवाढीच्या वेळी उघडी पडते, कारण तेव्हा कर निर्धारणाचे कागद मागतात.

पंचेचाळिशी ओलांडलेल्यांना म्हातारपणाच्या पुरेशा तरतुदीचा पुरावा द्यावा लागतो. काही देशांच्या नागरिकांना यातून सूट आहे, भारतीयांना नाही. हे तुम्ही सुरुवातीलाच सांगता. एजंटांकडून ते फी भरल्यावर कळतं.

आरोग्य विम्याबद्दल तुमचा कटकट्या स्वभाव फार उपयोगी पडला. स्वस्तातला प्रवासी विमा व्हिसापुरता चालून गेला, तरी निवास परवान्याच्या वेळी त्यावर बहुधा फुली पडते. सरकारी विम्यात स्वेच्छेने शिरायला आधीच्या विम्याची अट असते, त्यामुळे भारतातून थेट येणाऱ्या व्यावसायिकाला बहुतेकदा खासगीच घ्यावा लागतो. त्याचा हप्ता वय आणि जुने आजार पाहून ठरतो. म्हणून आधी विम्याचा दर काढा, मग व्यवसायाचा आराखडा लिहा, हा तुमचा क्रम.

पोचल्यावरचं थोडक्यात. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, आणि त्यासाठी घरमालकाचं लेखी प्रमाणपत्र. टपालपेटीवर स्वतःचं नाव लावायचं, कारण एल्स्टर या कर संकेतस्थळाचा सक्रियण कोड टपालानेच येतो. नाव नसेल तर पाकीट परत जातं आणि महिनाभराच्या आत भरायची प्रश्नावली रखडते. पत्त्याच्या नोंदणीनंतर येणारा अकरा अंकी ओळख क्रमांक बिलावर चालत नाही. फिनान्सआम्टने दिलेला कर क्रमांक किंवा विक्रीकर क्रमांक लागतो. नवखे इथे हमखास अडकतात आणि ग्राहकाचा लेखा विभाग बिल परत पाठवतो.

एका गोष्टीचे आभार उशिरा कळतात. गेवेर्बेवाल्याचा व्यवसाय नीट चालला तर त्याला तीन वर्षांनंतर कायम निवास मिळू शकतो. फ्रायबेरुफ्लरला ती सवलत नाही; त्याला साधारणपणे पाच वर्षं आणि 60 महिन्यांची पेन्शन वर्गणी किंवा तितकीच खासगी तरतूद लागते. मागचे महिने नंतर मनासारखे भरून काढता येत नाहीत. पहिल्याच वर्षी पेन्शनचा विषय काढून तुम्ही सगळ्यांना कंटाळा आणता, तो याचसाठी.

जाता जाता एक सूचना. तुम्ही वाटता त्या टिपणात लघुउद्योजकाची विक्रीकर मर्यादा, म्हणजे जिथपर्यंतच्या वार्षिक उलाढालीला विक्रीकर लावावा लागत नाही तो आकडा, अजून 22,000 युरो लिहिलेली आहे. 1 जानेवारी 2025 पासून ती 25,000 झाली. पहिल्या वर्षी हा आकडा ओलांडला तर त्याच बिलापासून विक्रीकर लावावा लागतो, वर्षअखेरीपर्यंत थांबता येत नाही. पुढची प्रत काढाल तेव्हा तेवढं बदलून घ्या. टंकलेखन आम्ही करून देऊ.

कळावे, लोभ असावा.

तुमचेच,
तुमच्याकडून फाईल तपासून घेतलेले आम्ही सगळे