सुध्या, सात घोडे नको रे बाबा

प्रिय सुध्या,

नवीन फ्लॅटच्या सोफ्यामागच्या भिंतीचा फोटो बघितला आणि त्याच्या खाली तू टाकलेला तो सात पळत्या घोड्यांचा कॅनव्हासपण बघितला. लेका, आपल्या ओळखीतल्या निम्म्या घरांत तेच घोडे पळतायत, आणि तुझ्या घराण्यात घोडा कधी होता सांग? बैल होते. मग बैल लाव ना.

थट्टा करत नाहीये. माझ्याकडे हॉलमध्ये रोझा बॉनर या फ्रेंच बाईच्या चित्राची प्रिंट आहे, निवेर्ने भागातल्या नांगरटीचं चित्र, १८४९ सालचं. मूळ पॅरिसला ओर्से म्युझियममध्ये आहे, जवळजवळ साडेआठ फूट लांब. दोन औतं, एकेकाला सहा बैल, बहुतेक सगळे पांढरेशुभ्र शारोले जातीचे, आणि पुढे नुकती उलटलेली ओली ढेकळं. माणसं आहेत पण बैलांच्या आड, दिसली न दिसल्यासारखी. एक बैल तर सरळ आपल्याकडे बघतो, चहा पिताना नजरेला नजर होते. हे काढलं तेव्हा बाई २७ वर्षांची होती. पुढे गुरांच्या बाजारात, कत्तलखान्यात फिरून अभ्यास करता यावा म्हणून तिने पँट घालायचा पोलिसांकडून परवाना काढला होता, तोही दर सहा महिन्यांनी नवा करावा लागायचा!

आप्पा गावाहून आले होते तेव्हा चष्मा पुसून बराच वेळ बघत उभे होते, मला वाटलं आता खिल्लारची आठवण काढणार, तर म्हणाले, "आरं, जू शिंगाला बांधलंय व्हय ह्यांनी? मानंवर न्हाई?" मी दोन वर्षं रोज बघतोय, मला दिसलं नव्हतं. खरंच फ्रान्समध्ये जू डोक्याला, शिंगांच्या मागे आवळायचे, आपल्यासारखं मानेवर नाही. मग आप्पा आपल्या काळ्या रानातल्या लोखंडी नांगराला किती बैल जुंपायचे त्यावर सुरू झाले ते जेवणापर्यंत.

आता कामाचं. पहिल्यांदा मी ऑनलाइन मागवली ती फसली. रेडी फ्रेमच्या मापात बसवायला त्यांनी चित्र दोन्ही बाजूंनी कापलं, पुढचे बैल गायब, सहाचं औत चारावर आलं, वर कॅनव्हासला अशी चकाकी की ट्यूबलाइट लावली की बैल दिसेनात. म्हणून आधी माप विचार. मूळ चित्र १३४ बाय २६० सेंटीमीटर आहे, म्हणजे तुला चार फूट रुंद पाहिजे तर उंची साधारण २५ इंच यायलाच हवी, कमी-जास्त सांगितली की समज कात्री लागलीय. फाइल निदान ७२०० पिक्सेल रुंद असू दे, भिंतीवरचं चित्र लांबून बघायला इंचाला १५० पिक्सेल पुरतात. कॉपीराइटची भानगड नाही, बाई १८९९ ला गेली. कॉटनचा मॅट पेपर आणि पिगमेंट इंक (रंग लवकर न उडणारी शाई) माग, चित्राभोवतीचा पुठ्ठा, म्हणजे माउंट, अॅसिड-फ्री, नाहीतर काही वर्षांत कडा पिवळ्या पडतात. कॅनव्हास स्वस्त पडेल तरी घेऊ नकोस, त्या विणीत बैलांच्या अंगावरचे केस मरतात आणि सगळी मजा तर त्याच्यातच आहे. तुझ्याकडे पश्चिमेचं ऊन थेट येतं ना त्या भिंतीवर? मग उन्हातले रंग उडवणारे किरण अडवणारी युव्ही काच घालच, आणि फ्रेमच्या मागे चार रबरी बुच लाव म्हणजे पावसाळ्यात भिंतीची ओल कागदात उतरणार नाही.

वहिनी विचारतील बैलांची तोंडं कुठल्या दिशेला. सांग त्यांना, रान जिकडे तिकडे.

टेप घेऊन भिंत नीट मोज आणि आकडे पाठव, माझा फ्रेमवाला रविवारी असतो. आप्पा दिवाळीला परत येणारेत, तेव्हा घेऊन येतो त्यांना तुझ्याकडे.

तुझा,
बाळ्या