चि. सोनूस, लातूर

परभणी, गुरुवार

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर मी ओरडलो, तेव्हापासून आई माझ्याशी बोलेना. त्या झोपेच्या गोळीचा विषय काढायचा नाही, असं ठरवून लिहायला बसलोय.

टेस्टचे मार्क घसरल्यापासून तुला झोप येईना, यात घाबरण्यासारखं काही नाही. ताण आला की मेंदू पहाऱ्यावर बसतो. कारण ओसरलं की बहुतेकांची झोप काही आठवड्यांत रुळावर येते. आठवड्यातून तीन रात्री, असं तीन महिने चाललं तर त्याला जुनाट म्हणतात. बिघडतं ते भरपाईच्या नादात: लवकर आडवं होणं, सकाळी लोळणं, दुपारी दोन-दोन तास झोपणं. मग रात्रीसाठी काही उरतच नाही.

म्हणून उठायची वेळ 6, रविवारीसुद्धा. डोळे जड झाल्याशिवाय कॉटवर जाऊ नको. वीसेक मिनिटं गेली असं वाटलं (घड्याळ बघायचं नाही) की उठून व्हरांड्यात बस, मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं वाच. बायोलॉजीचे एमसीक्यू नव्हेत! झोप आली की परत जा. तीनदा उठावं लागलं तरी उठ. कॉटवर पुस्तकं पसरून अभ्यास करणं बंद. अभ्यासिका कशाला लावलीय?

संध्याकाळी 6 ला घेतलेल्या चहातलं निम्मं कॅफिन रात्री 11 ला अंगातच असतं. दुपारी 2 नंतर चहा नको. नीटचा, म्हणजे तुझ्या मेडिकल प्रवेशाचा, पेपर 2 ला सुरू होतो आणि नेमकी त्याच वेळेला तू मेसचं जेवून झोपतेस. डुलकी हवीच तर त्याच्या आधी, 20 मिनिटं. संध्याकाळी वहीत दोन रकाने कर: मनात काय घोळतंय, आणि उद्या त्याचं काय करणार.

लेक्चरच झालं, माफ कर. हरिपाठाच्या टाळांत आजीच्या मांडीवर झोपणारी पोर तू. थोड्या मार्कांनी नीट हुकल्यावर दुसऱ्याच दिवशी पुन्हा पुस्तकं काढलीस, ते मी दुकानात येईल त्याला सांगतो.

पण ती गोळी, सोनू. मैत्रिणीने दिली म्हणून अर्धी अल्प्राझोलम? आम्हा औषध दुकानदारांना ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाही. शेड्यूल एच-1 आहे, म्हणजे कडक नियमांच्या औषधांच्या यादीतली. पेशंटचं नि डॉक्टरचं नाव वेगळ्या रजिस्टरला, ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. उगाच नाही. पुढे तेवढ्याने भागत नाही, सोडली की काही रात्री आधीपेक्षा वाईट जातात, आणि माणूस म्हणतो, बघा, गोळीशिवाय झोपच नाही. त्यात पाठांतर टिकत नाही, ते वेगळंच. रोज घ्यायलीस तर एकदम बंद करू नको. किती नि कधीपासून ते खरं सांग, डॉक्टरकडे मिळून जाऊ. रागावणार नाही.

जगणंच नको वाटलं तर टेली-मानस, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, 14416, चोवीस तास, मराठीत. त्याआधी मला उठव.

रविवारी सुलूआत्यासोबत धपाटे नि शेंगदाण्याची चटणी येईल. चहापत्ती मागितली होतीस, ती पाठवत नाही.

तुझे अण्णा